झुरळं किरणोत्सर्गातही जगतात, हे खरं आहे का? कीटकांच्या पेशींचं नेमकं काय होतं?

बऱ्याच अंशी खरं आहे. माणसाच्या सबंध शरीराला एकदम 4-5 ग्रे (शरीरात शोषलेल्या किरणोत्सर्गाचं एकक) मात्रा बसली तर उपचारांविना जीव वाचणं कठीण. प्रौढ झुरळ त्याच्या कित्येक पट मात्रा सोसतं. पण अमर नाही, पुरेशी मात्रा दिली तर तेही मरतंच.

खरी मेख पेशीविभाजनात आहे. किरणं डीएनए तोडतात आणि तुटलेल्या डीएनएचा फटका बसतो तो पेशी विभागताना. प्रौढ कीटकाच्या बहुतेक पेशींचं विभाजन थांबलेलं असतं. अंड्यांत आणि अळ्यांत मात्र ते जोरात चालू असतं, म्हणून तेच किरण कोवळ्या अंड्यांना आणि अळ्यांना फार लवकर मारतात. प्रौढांतही आतड्याच्या मूळपेशी आणि जननपेशी नाजूकच.

पतंग-फुलपाखरांच्या पेशी आणखी चिवट. आपल्या मक्यावर येणाऱ्या अमेरिकन लष्करी अळीच्या कोषातल्या अंडाशयापासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या ‘एसएफ-9’ पेशी मानवी पेशींपेक्षा कितीतरी जास्त मात्रा सोसतात. एक कारण मला फार सुंदर वाटतं: पेशी विभागताना गुणसूत्रांना ओढून नेणाऱ्या दोऱ्यांना यांच्या गुणसूत्रांवर धरायला एकच ठिकाण नसतं, जवळजवळ सबंध लांबीवर पकड मिळते. त्यामुळे तुटलेला तुकडाही विभाजनात हरवत नाही.

याचा उपयोग? अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला किमान 400 ग्रे मात्रा देतात. कोयीतला भुंगा त्याने लगेच मरेलच असं नाही, पण त्याचं प्रजनन थांबतं, आणि तेवढं पुरतं. आंबा मात्र किरणोत्सर्गी होत नाही, निर्धास्त खा.