जुळी मुलं टाकून देणाऱ्या समाजात मेरी स्लेसरने ती कशी वाचवली?

तिथेच राहून आणि त्यांची भाषा शिकून. स्कॉटलंडच्या गिरणीत राबलेली ही मिशनरी १८७६ साली नायजेरियातल्या कॅलाबारला गेली, एफिक बोलायला लागली. जुळ्यांपैकी एक भुताचं, अशी तिथे समजूत. कोणतं ते कळायचं नाही, म्हणून दोन्ही बाळं मडक्यात घालून रानात टाकायचे, आईलाही हाकलायचे. मेरी ती बाळं उचलून आणून स्वतःच्या घरात वाढवायची. अंगणात खेळणारी जुळी लोकांना रोज दिसली, त्यानेच भीती ओसरली असं मला वाटतं. हाकललेल्या आयांनाही तिने आसरा दिला, हे मला जास्त मोठं वाटतं.

इथे इंदुरात माझ्या बहिणीला जुळ्या मुली झाल्या. आईने दोघींच्या इवल्याशा मनगटांना काळा दोरा बांधला, तेव्हा मला ती मडकीच आठवत होती.