एसीच्या पत्र्याचा शॉक बसला, जबाबदार कोण?

प्रश्न : परभणीत भाड्याच्या घरात राहते. एप्रिलमध्ये दीड टनाचा एसी घेतला. दुकानदाराने पाठवलेल्या मेकॅनिकने तो जुन्याच सॉकेटवर जोडला, फिटिंगचे दीड हजार फोनवर घेतले, पावती दिली नाही. तीन आठवड्यांनी धुणं वाळत घालताना सासूबाईंचा हात बाहेरच्या युनिटला लागला. शॉक बसून हात भाजला, दोन दिवस दवाखान्यात काढले. वायरमनने सॉकेट उघडलं तर न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) आणि अर्थ (गळका करंट जमिनीत सोडणारी तार) तारेच्या एका तुकड्याने जोडलेले! दुकानदार म्हणतो मेकॅनिक आमचा नाही, कंपनी म्हणते तुमच्या घरातच अर्थिंग नव्हती.

उत्तर : ताई, तो तारेचा तुकडा अजून जागेवर आहे ना? असेल तर एमसीबी (बोर्डावरचा त्या लाइनचा सुरक्षा स्विच) पाडून ठेवा आणि सॉकेटला कुणाला हात लावू देऊ नका. मेकॅनिक 'दुरुस्त करून देतो' म्हणत परत आला तर आधी त्यालाच अडवा. व्हिडिओ काढा, शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडून पाहणी करून लेखी अहवाल घ्या. माणूस जखमी झालाय, म्हणून जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकांकडेही अर्ज द्या. वीज कायदा, 2003 च्या कलम 161 खाली अशा अपघाताची चौकशी होऊ शकते.

दोन बोटांच्या त्या तुकड्यावर तुमची सगळी तक्रार उभी आहे. अर्थ नसलेल्या घरात टेस्ट लॅम्प (अर्थ तपासायचा दिवा) पेटावा म्हणून काही मेकॅनिक ही युक्ती करतात. पुढे कुठे न्यूट्रल तुटला, किंवा फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल उलटे झाले, की एसीच्या पत्र्यातच करंट उतरतो. त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात भेगाळली की असलेला अर्थिंगचा खड्डाही नावालाच उरतो.

कंपनीचं म्हणणं म्हणूनच तुमच्या पथ्यावर पडतं. अर्थिंग नव्हती, तर 'एसी बसवता येणार नाही' असं जॉबशीटवर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) लिहून मेकॅनिकने परत जायला हवं होतं. पण जॉबशीटवर तुमची सही असेल तर वरचा मजकूर नीट वाचा. 'अर्थिंग नाही, ग्राहकाच्या जबाबदारीवर' असं काही असेल तर मला आधी कळवा, कारण मग दोषाचा काही वाटा तुमच्याकडे येईल.

पावती नाही म्हणून घाबरू नका. फोनवरचा व्यवहार आणि दुकानदाराने मेकॅनिकचा नंबर पाठवलेला मेसेज, एवढ्याने 'आमचा माणूस नाही' हे टिकणं अवघड आहे. दुकानदार, कंपनी, मेकॅनिक तिघांनाही पंधरा दिवसांची नोटीस द्या. मग ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सेवेतील त्रुटीबद्दल परभणीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. दुकान दुसऱ्या गावचं असलं तरी चालतं. मुदत दोन वर्षं. तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही, वकीलही सक्तीचा नाही (आमच्या पोटावर पाय, पण खरं तेच). निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो; तुम्ही मात्र जास्त धरून चाला. दवाखान्याची बिलं सासूबाईंच्या नावावर असतील, तर त्यांनाही तक्रारदार करा.

पोलिसांत जाता येतं, पण निरीक्षकांचा अहवाल हाती येईपर्यंत मी थांबलो असतो.

घरमालकाशी भांडण आत्ता काढू नका. करारात वेगळं ठरलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं त्यांचं काम आहे, तेव्हा अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) लेखी मागा. एसीची स्वतंत्र लाइन तुम्ही टाकून घ्या. मात्र आधी ठेकेदाराचा अहवाल, मगच नवी वायर.