घरच्या तूर-सोयाबीनच्या भुसकटावर कोकरं वाढतील का?

तुमचा प्रश्न असाय की 3-4 महिन्यांची 20 कोकरं आहेत, पेंडीचं पोतं परवडेना, घरात तुरीचं आणि सोयाबीनचं भुसकट पडून आहे, शेजारच्या रानात उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) फुकट मिळतंय, तर एवढ्यावर भागेल का.

दादा, एवढ्यावर कोकरं जगतील, पण वाढणार नाहीत. आमच्याकडं सांगलीच्या जत भागात माडग्याळ जातीच्या मेंढ्या आहेत, कोकरं आम्ही घरच्या मालावरच वाढवतो, पण त्यात थोडा खुराक (दाणा-पेंडीचं खाद्य) लागतोच. पेंड मात्र बरीच कमी करता येते आणि त्याची युक्ती सगळी भुसकट कुणाला कुठलं द्यायचं यात आहे.

तुरीचं भुसकट गव्हाणीत टाका आणि दहा मिनिटं नुसतं बघत उभं राहा. कोकरू आधी नाकानं काडी बाजूला सारतं, मग खालचा वाळका पाला आणि शेंगांची टरफलं ओठानं वेचून वेचून खातं, जाड काडी तशीच ठेवतं. लोक म्हणतात कोकरं नासधूस करतात, अहो त्याला कळतंय की दम पाल्यात आहे, काडीत नाही! म्हणून कोकरांना लागेल त्यापेक्षा पाव हिस्सा जास्तच टाकायचं आणि उरलेली काडी संध्याकाळी उचलून मोठ्या मेंढ्यांना नाहीतर बैलांना घालायची. तेच भुसकट "सगळं संपवा मग दुसरं टाकतो" म्हणून दिलं की कोकरू काडी चावत बसतं, पोट टम्म दिसतं आणि पाठीचा कणा हाताला लागतो. पोट बघून खूश होऊ नका, पाठीवर हात फिरवून बघा.

आता तुमच्याकडच्या मालाचं सांगतो. तुरीचं भुसकट चांगलंच, हरभऱ्याचं मिळालं तर तेही चालतं आणि भुईमुगाचा वाळका पाला मिळाला तर तो दुसऱ्या कुणाला देऊ नका, फक्त कोकरांना ठेवा, या सगळ्यात तोच सरस, त्यात साधारण 10 टक्के तरी प्रथिनं असतात, गव्हाच्या काडात 3 टक्केच. सोयाबीनचं भुसकट त्यामानानं हलकं आणि काडी टणक, त्यातली टरफलं कोकरांना आणि काडी मोठ्या जनावरांना. आणि सोयाबीन काढताना ऑक्टोबरात पाऊस लागला असेल तर गंजीच्या मधलं भुसकट हातात घेऊन वास घ्या, कुबट वास आला किंवा पांढरी-काळी बुरशी दिसली तर कोकरांना अजिबात नको.

उसाचं वाढं फुकट आहे म्हणून त्याच्यावर भर देऊ नका. वाढ्यात ऑक्झलेट नावाचं द्रव्य असतं, ते अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि ऐन हाडं भरायच्या वयात कोकराला तेच तर लागतं. द्यायचंच तर बारीक कुट्टी करून, चुन्याच्या निवळीचं पाणी शिंपडून, थोडंसं, बाकी वाढं मोठ्या जनावरांना.

खुराकाचं म्हणाल तर पेंडीचा बराचसा भार तुरीच्या चुनीवर (डाळ करताना निघणारा चुरा) टाकता येतो. लातूर, अकोल्याकडं डाळमिल भरपूर आहेत, तुमच्या जवळ एखादी असेल तर थेट तिथून चुनी घ्या, पण आणताना मूठभर पाण्यात टाकून बघा, खाली माती-खडे बसले तर तो माल नको. आम्ही 100 किलोला मका भरडा 40, तूर चुनी 25, शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड 20, गव्हाचा कोंडा 12, क्षार मिश्रण 2 आणि मीठ 1 किलो असं मिसळतो, यात प्रथिनं 18 टक्क्यांच्या आसपास बसतात. 15 किलोच्या कोकराला दिवसाला 200 ते 250 ग्रॅम, तेही सकाळ-संध्याकाळ वाटून, वर भुसकट आणि थोडी हिरवी वैरण. सगळं धरून एवढ्या कोकराला 600 ग्रॅमच्या आसपास कोरडं खाद्य लागतं. सरकी पेंड स्वस्त पडते म्हणून लहान कोकरांना सुरू करू नका, तिच्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य कोवळ्या वयात सोसत नाही. शेंगदाणा पेंडीला बुरशी लागलेली असेल तर तीही नको.

क्षार मिश्रण घेताना मात्र डोळ्यात तेल घालून घ्या. गाई-म्हशींचं मिश्रण मेंढीला देऊ नका, त्यात तांबं जास्त असतं आणि मेंढीला तांबं फार थोडंच चालतं. ते लिव्हरमध्ये कित्येक आठवडे साठत जातं, बाहेरून काही दिसत नाही आणि मग एका दिवशी डोळे पिवळे, लघवी लाल-काळी आणि कोकरू गेलं. कोंबडी खाद्य स्वस्तात मिळालं म्हणून घालणारेही आहेत, त्यातही तीच भीती. आमच्याकडं द्राक्षबागा आहेत, छाटणीचा पाला आयताच मिळतो, पण बोर्डो हे बुरशीचं औषध फवारलेल्या बागेचा पाला मी कोकरांपुढं कधीच टाकत नाही, बोर्डो म्हणजे मोरचूद आणि मोरचूद म्हणजे तांबंच. बागवाल्याला विचारल्याशिवाय पाला आणू नका.

आणि काही केलं तरी एका दिवसात खाद्य बदलू नका. आज 50 ग्रॅम, दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवा, असं करत 10-12 दिवसांत पूर्ण खुराकावर आणा, नाहीतर मक्यानं पोटात आंबतं आणि हगवण लागते. खुराक वाढवायच्या आधी आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होण्याचा रोग) लस टोचून घ्या, कारण या रोगात सगळ्यात आधी जातं ते सगळ्यात तगडं, खादाड कोकरू. पहिल्यांदाच टोचत असाल तर दुसरा डोस कधी ते डॉक्टरांना विचारून घ्या. नर कोकरं असतील तर पाणी दिवसभर पुढं पाहिजे आणि कोंडा वाढवू नका, मुतखड्यानं लघवी तुंबते.

20 कोकरांतल्या पाचांना रंग लावा, सकाळी उपाशीपोटी वजन करा आणि 15 दिवसांनी तसंच पुन्हा करा. दिवसाला 100 ग्रॅमच्या आसपास वाढ दिसली तर हेच मिश्रण चालू ठेवा, 50-60 वरच अडकली तर आधी जंताचं औषध झालंय का ते बघा, मग पेंड 2-3 किलोनं वाढवून तेवढा मका कमी करा. वजनं इथं टाकलीत तर प्रमाण कसं बदलायचं ते सांगतो.