बेल्ट नेहमी डावीकडंच का पळतो? आणि इतर प्रश्न

गेल्या अंकात गिअरबॉक्सच्या तेलावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं बेल्ट कन्व्हेयरची निघाली. आपल्या सोलापूर जिल्ह्यात त्याचं नवल वाटायला नको. साखर कारखान्यात बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, बॉयलरकडं जातो तो बेल्टवरून, पोती गोदामात जातात ती बेल्टवरून, खडी क्रशर तर अख्खा बेल्टवरच उभा असतो. फिटर म्हणून लागलो आणि मेंटेनन्स फोरमन म्हणून निवृत्त झालो, ती सगळी वर्षं याच पट्ट्यांच्या कडेनं चालण्यात गेली. पाच पत्रं निवडली आहेत.

आमच्या क्रशरवर ६० मीटर लांबीचा, ८०० मिलिमीटर रुंदीचा बेल्ट आहे. दोन महिन्यांपासून तो डावीकडं पळतो. ऑपरेटर रोज सकाळी टेलचा (मागच्या टोकाचा) डावा स्क्रू आवळतो, दुपारी बेल्ट परत डावीकडं. आता स्क्रूला आटेच शिल्लक नाहीत. नवीन बेल्ट घ्यावा का? (एक वाचक, अक्कलकोट तालुका)

आत्ताच नवीन बेल्ट घेऊ नका. दुखणं दुसरीकडं असेल तर नवा बेल्टही आठ दिवसांत डावीकडंच पळेल आणि त्याची कड फाटेल.

टेलचा स्क्रू हा बेल्ट ताणण्यासाठी असतो, वळवण्यासाठी नाही. डावीकडं आवळलं की बेल्ट उजवीकडं सरकतो हे खरं, पण तेवढ्यानं डावी कड जास्त ताणली जाते, टेल पुली तिरकी होते आणि बेअरिंगवर एका बाजूनं भार येतो. तुमच्या ऑपरेटरचा काही दोष नाही, त्याला कुणी दुसरा उपाय दाखवलेला नाही.

आधी एक खडू घ्या. बेल्ट थांबवून जॉइंटवर ठळक पांढरी रेघ मारा आणि बेल्ट रिकामा चालू करा. वेग सेकंदाला दीड मीटर असेल तर पूर्ण फेऱ्याला ८० ते ८५ सेकंद लागतील. पाच फेरे नुसतं उभं राहून बघा. बेल्टचा तोच एक तुकडा, समजा जॉइंटच्या मागचापुढचा, जिथं जाईल तिथं बाहेर येत असेल तर जॉइंट काटकोनात कापलेला नाही, तो कापून नव्यानं मारावा लागेल. पण ढाच्यावरच्या एकाच जागी अख्खा बेल्ट बाहेर येत असेल, तर दोष बेल्टचा नाही. त्या जागेच्या आधीचा एखादा रोलर सेट, म्हणजे बेल्टला खालून आधार देणारे रोलर, तिरका झाला आहे, नाहीतर ढाचा एका बाजूला बसला आहे. तिसरा प्रकार असा, की रिकामा सरळ चालतो आणि माल पडला की पळतो. तेव्हा च्यूट, म्हणजे बेल्टवर माल सोडणारी घसरण, बघा. खडी एका बाजूला पडत असेल तर जड बाजू बेल्टच्या खळग्याच्या मध्याकडं सरकते आणि हलक्या बाजूची कड बाहेर निघते.

दुसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो, म्हणून तो नीट सांगतो. टेबलावर गोल पेन्सिल जरा तिरकी ठेवा आणि तिच्यावरून वही पुढं ढकला. पेन्सिलीचं जे टोक वहीला आधी लागतं, वही त्याच बाजूला सरकते. बेल्ट आणि रोलरचं नातं हेच आहे. तुमचा बेल्ट डावीकडं जातो, म्हणजे कुठल्या तरी सेटचं डावं टोक टेलकडं मागं आलेलं आहे. बेल्ट जिथं बाहेर दिसतो तिथं हात घालू नका. तिथून टेलकडं दोन-चार सेट मागं जा, बेल्ट थांबवा, सेटचे बोल्ट ढिले करा आणि डावं टोक बेल्टच्या चालीच्या दिशेनं पाच-सहा मिलिमीटर पुढं ठोका. बोल्ट आवळा, बेल्ट चालू करा, पुन्हा चार-पाच फेरे बघा. फरक लगेच दिसत नाही. घाईघाईनं एकदम दहा सेट ठोकले, तर कुठल्यानं काय झालं हे शेवटपर्यंत कळत नाही.

हे करण्याआधी मात्र दोन्ही स्क्रू टेपनं मोजून सारखे करा आणि रिटर्न रोलर, म्हणजे खालून परत जाणाऱ्या बेल्टचे रोलर, साफ करा. चिकटलेल्या मातीनं रोलर एका बाजूला जाड झाला की त्या बाजूनं बेल्ट ओढला जातो. माझ्या अनुभवात अर्ध्या तक्रारी तिथंच मिटतात.

स्कर्टला (माल कडेनं सांडू नये म्हणून लावतात त्या रबराला) जुन्या बेल्टच्या पट्ट्या लावल्या तर चालतात का? फुकट मिळतात. (फिटर, मोहोळ)

नाही चालत. जुन्या बेल्टच्या रबरात बारीक खडी रुतलेली असते आणि आत कापडाचे थर असतात. दोन्ही मिळून नव्या बेल्टचं वरचं कव्हर पॉलिश पेपरसारखं घासतात. स्कर्टचं रबर बेल्टपेक्षा मऊ हवं, म्हणजे झिजायचं ते स्कर्टनं झिजावं. आणि ते बेल्टला नुसतं टेकलेलं असावं, दाबलेलं नको.

माझी डाळ मिल आहे. मशीन चालू असताना विनाकारण बंद का ठेवायची, हे मेंटेनन्सवाल्याला नीट सांगता येत नाही. आठवड्याला किती वेळ द्यावा? (मिल मालक, बार्शी)

तुमच्या मेंटेनन्सवाल्याच्या वतीनं मी सांगतो. अक्कलकोटच्या वाचकांचा ६० मीटरचा बेल्टच उदाहरणाला घेऊ. वरचे सेट १.२ मीटर अंतरावर धरले तर ५० सेट, प्रत्येकात तीन रोलर, म्हणजे १५०. खाली दर तीन मीटरला एक, म्हणजे २०. एकूण १७० रोलर आणि त्यांत ३४० बेअरिंग. एका बेल्टला! यातली कधी ना कधी जाम होणारच. जाम रोलरवरून बेल्ट घासत जातो, रोलरची नळी एका बाजूनं पातळ होते, मग तिला सुरीसारखी धार येते आणि एक दिवस ती बेल्ट उभा चिरते. तुमच्याकडं डाळीची टरफलं आणि भुकटी उडते, तिथं तापलेलं बेअरिंग आगीचंही कारण होतं. एका रोलरपायी काय काय जाऊ शकतं, ते तुम्हीच मोजा.

मशीन चालू असतानाची फेरी रोज पंधरा मिनिटांची. हात न लावता, गार्डच्या बाहेरून, फक्त डोळे आणि कान. चिमणीसारखा चिवचिवाट ऐकू आला तर सील कोरडं पडलं आहे, अजून थोडे दिवस हातात आहेत. खरखर ऐकू आली तर बेअरिंगच्या गोळ्या गेल्या, येत्या बंदला तो रोलर बदला. फिरत नसलेला रोलर चकाकतो, लांबूनही ओळखू येतो. त्या सेटशेजारी ढाच्यावर खडूनं फुली मारा आणि वहीत सेटचा नंबर लिहा. नंबर टाकलेले नसतील तर आधी ते काम करा, टेलपासून एक, दोन, तीन.

आठवड्यातून एकदा पूर्ण बंद, दोन तास. त्यात फुली मारलेले रोलर, स्क्रेपरचं (बेल्टला चिकटलेला माल खरवडणाऱ्या पट्टीचं) रबर, जॉइंटच्या क्लिपा, मोटरच्या व्ही-बेल्टचा ताण, गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी आणि त्याचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं भोक. ब्रीदर भुकटीनं बुजला की आतला दाब वाढून तेल सीलमधून बाहेर येतं आणि लोक उगाच सील बदलत बसतात. व्ही-बेल्टमधला एक तुटला तरी पूर्ण जोडच बदला. ताणलेल्या जुन्यांबरोबर नवा एकटा सगळा भार ओढतो आणि लवकर तुटतो.

ग्रीसबद्दल एक सांगायलाच हवं. जास्त ग्रीस म्हणजे जास्त काळजी, असं नाही. पुलीच्या बेअरिंग हाउसिंगमध्ये मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा ते निम्मी जागा एवढंच ग्रीस असावं. त्याहून जास्त भरलं की ते आतल्या आत घुसळतं आणि बेअरिंग तापतं. ग्रीस गन लावण्याआधी निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, फडक्यानं पुसा, नाहीतर ग्रीसच्या आधी धूळ आत जाते.

माझे वडील इथल्या जुन्या गिरणीत, म्हणजे १८७७ साली सुरू झालेल्या सोलापुरातल्या पहिल्या कापड गिरणीत, ऑइलमन होते. बेअरिंगच्या हाउसिंगला ते नेहमी हाताची मागची बाजू लावायचे. चटका बसला तर हात मागंच येतो, पुढं मशीनवर जात नाही. आता लांबून ताप मोजायची इन्फ्रारेड गन मिळते, तीच वापरा. पण ताप मोजायची फेरी सकाळी सहाला करा. एप्रिलमध्ये आपल्याकडं दुपारी बंद मशीनचं लोखंडसुद्धा हात लावू देत नाही, त्यात कुठलं बेअरिंग आजारी आहे हे कसं कळणार? नुसता आकडा बघू नका, शेजारच्या रोलरशी ताडून बघा.

टेल पुलीला चिकटलेला माल बेल्ट चालू असताना सळईनं काढला तर पटकन निघतो, असं सीनियर सांगतात. बरोबर आहे का? (आयटीआयचा विद्यार्थी, सोलापूर)

नाही. कुणीही सांगितलं तरी नाही.

संक्रांतीतल्या, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते. निम्मी माणसं सुट्टीवर, हंगाम जोरात. मी तेव्हा एका कारखान्यात शिफ्टला होतो. बगॅस ओला येत होता आणि टेल पुलीवर त्याचा थर चढला होता. पुलीची जाळी कुणीतरी काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. बावीस वर्षांचा हेल्पर सळईनं थर खरवडत होता. सळई बेल्ट आणि पुलीच्या मध्ये गेली आणि तिच्यासोबत त्याचा हात. मी वीसेक फुटांवर होतो. पुल कॉर्डची, म्हणजे ओढली की बेल्ट बंद करणारी, दोरी ओढली, पण ती इतकी सैल होती, की तीन हात दोरी नुसतीच हातात आली आणि मग स्विच पडला. पोराची उजव्या हाताची तीन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी मी लॉगबुक काढून बघितलं. हेड पुलीचा (पुढच्या टोकाचा) स्क्रेपर झिजला आहे, रबर बदलणे, असं माझ्याच अक्षरात नऊ दिवस लिहिलेलं होतं. तो स्क्रेपर नीट असता तर ओला माल बेल्टला चिकटून खाली टेलपर्यंत आलाच नसता, आणि त्या पोराला सळई घ्यावी लागली नसती. अर्ध्या तासाचं काम होतं. बंद मिळाला नाही म्हणून मी फक्त लिहीत राहिलो. वर जाऊन अडून बसलो नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा हे पाठ करा. बंद करायचं, मेन स्विच पाडायचा, स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात. मग जागेवर येऊन स्टार्टचं बटण दाबून बघायचं, की खरंच बंद आहे ना. चढावाचा बेल्ट बंद झाल्यावरही भारानं मागं येऊ शकतो आणि टेकअपचं, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या जोडणीचं, वजन टांगलेलंच असतं, त्या दोन्हींना आधी आवर घालायचा. सैल कपडे, गळ्यात मफलर नको. यंत्र चालू असताना गार्ड जागेवर हवाच, हे कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २१ नं सांगितलं होतं, म्हणून जाळी परत बसवल्याशिवाय चालू करू नका. महिन्यातून एकदा प्रत्येक पुल कॉर्ड खरोखर ओढून बघा. आणि टेलच्या आधी रिटर्न बेल्टवर व्ही आकाराचा स्क्रेपर नसेल तर तो मागून घ्या.

हंगाम संपल्यावर बेल्टचं काय करावं? (साखर कारखाना कर्मचारी, पंढरपूर तालुका)

पहिल्या आठवड्यात पूर्ण झाडून-धुऊन कोरडा करा. साखरेचा आणि बगॅसचा ओलावा राहिला तर लोखंड सडतं. टेकअप ढिला करा, सहा महिने बेल्ट ताणून ठेवायचं कारण नाही. उघड्यावरच्या भागावर झाकण घाला, आपल्या उन्हानं रबराला बारीक चिरा पडतात. बेल्टचे सुट्टे रोल सावलीत, लाकडी फळ्यांवर उभे ठेवा, तेलापासून लांब. चालत्या मोटरजवळ ठेवू नका, तिथं तयार होणारा ओझोन रबर खातो.

हंगामातली वही आत्ताच उघडा, फुल्या कुठल्या सेटवर परत परत पडल्या ते काढा आणि त्यावरून सामानाची मागणी करा. बेल्टच्या मागणीत लांबी-रुंदीबरोबर थर किती, वरच्या-खालच्या कव्हरची जाडी आणि ग्रेड लिहा. बेल्टच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १८९१ मध्ये, एन-१७ आणि एम-२४ असे ग्रेड आहेत. त्यातला आकडा कव्हरच्या रबराची ताणशक्ती मेगापास्कलमध्ये सांगतो. नुसतं 'चांगल्या प्रतीचा' असं लिहिलं तर सर्वांत स्वस्त येतो.

गरम जॉइंट मारणाऱ्याला, म्हणजे उष्णता आणि दाबानं बेल्टची टोकं जोडणाऱ्याला, गणपतीच्या आधीच बोलवा. बॉयलर पेटवायच्या तारखा जवळ आल्या, की जिल्ह्यातले सगळे कारखाने त्यालाच शोधत असतात. मग तो रात्री उशिरा येतो आणि प्रेस पुरेसा वेळ न ठेवता उचलून जातो.