आधी सीरममध्ये बघ

नागपूर

अनेक उत्तम आशीर्वाद.

जिवंत प्राण्याच्या शरीरात चमकून आतलं चित्र दाखवणाऱ्या रंगाचा तुझा आराखडा नीट वाचला. हेप्टामेथिन सायनाइन या रंगाच्या रेणूतली कार्बनची साखळी आणखी लांबवून उत्सर्जन, म्हणजे त्यातून बाहेर पडणारा प्रकाश, ९०० नॅनोमीटरच्या पलीकडे न्यायचं म्हणतोस. कागदावर ते बरोबर आहे. साखळीत एक दुहेरी बंध वाढला की शोषण साधारण १०० नॅनोमीटरनं पुढे सरकतं. तरी माझं मत विचारशील तर यंदा ८०० च्या आसपासच थांब आणि तो एक रेणू धड टिकाऊ कर.

७०० ते ९०० च्या पट्ट्यात हिमोग्लोबिन आणि पाणी दोन्ही प्रकाश कमी शोषतात, हे तुला ठाऊक आहेच. पुढे जाण्याची किंमत मात्र आराखड्यात कुठे दिसली नाही. दोन ऊर्जापातळ्यांमधलं अंतर जितकं घटतं, तितकी ऊर्जा प्रकाश न होता बंधांच्या कंपनांत, म्हणजे उष्णतेत, निघून जाते. लांब साखळी ऑक्सिजनलाही लवकर बळी पडते.

तुझे सगळे आलेख मेथॅनॉलमधले आहेत. जिवंत प्राण्यात मेथॅनॉल नसतं रे. पाण्यात हे चपटे रेणू एकमेकांवर थर लावून बसतात, शोषणात कमी तरंगलांबीच्या बाजूला उंचवटा येतो आणि चमक विझते. द्रावण विरळ करून बघ. उंचवटा गेला तर थरच होते. पाण्यात विरघळायला मदत करणारे सल्फोनेट गट जोडलेस तर हे कमी होईल, पण शुद्धीकरण जिवावर येईल आणि रेणू पेशीच्या आत सहज शिरणार नाही. कुठे बघायचंय ते आधी ठरव. रुग्णांत वापरल्या जाणाऱ्या इंडोसायनाइन ग्रीन या रंगाचंच घे. अमेरिकेत १९५९ मध्ये मान्यता मिळालेला हा रंग पाण्यात फिकाच असतो, रक्तातल्या प्रथिनांना चिकटला की उजळतो, आणि काही मिनिटांतच यकृत त्याला उचलून पित्तात टाकतं. म्हणूनच शस्त्रक्रियेत पित्तनलिका दाखवायला तो इतका कामाचा.

आता सर्वांत महत्त्वाचं. साखळीच्या मधोमध तू क्लोरीन ठेवलाय. संश्लेषणाला तो सोयीचा, पण शरीरात पेशींमधलं ग्लुटाथायोन आणि प्रथिनांवरचे थायॉल, म्हणजे गंधकाचे गट, त्याला हुसकावून स्वतः तिथे बसतात. अमाइन, म्हणजे नायट्रोजनचा गट, बसला तर शोषण १०० नॅनोमीटरहून जास्त मागे येऊ शकतं. मग चित्रात जे चमकेल ते तू बनवलेलं नसेलच! सुझुकी कपलिंग, म्हणजे पॅलेडियम उत्प्रेरक वापरून दोन कार्बन जोडणारी अभिक्रिया, करून तिथे कार्बन-कार्बन बंधानं अरिल गट (बेंझिनसारखं कडं) बसव. पॅलेडियम महाग आहे, तरी खर्च कर.

पुढचा रेणू काढायच्या आधी हा सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात, ३७ अंशांवर, अंधारात, रात्रभर ठेव आणि दर काही तासांनी स्पेक्ट्रम, म्हणजे शोषणाचा आलेख, घे. पाण्याचा थर्मोस्टॅट वापर. मे महिन्यात आपल्या लॅबमधलं ‘रूम टेम्परेचर’ पेपरातल्या २५ अंशांशी जुळत नाही. वहीत प्रत्यक्ष तापमान लिही.

प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी आली, आणि तुलनेसाठी ७०० नॅनोमीटरच्या चॅनलमध्येही उंदरांची चित्रं घेणार असशील, तर त्यांच्या खाद्यात लसूणघास आहे का ते विचार. त्यातलं क्लोरोफिल आतड्यात चमकतं आणि पोटात भलताच ठिपका दिसतो. काही दिवस आधीपासून शुद्ध घटकांचं खाद्य सुरू कर.

सीरमचे आलेख झाले की पाठव, मग पॅलेडियमचं बोलू.

तुझे सर