सारे सुरळीत असताना काम कोणते?

प्रश्न : माझी मुलगी एका सहकारी बँकेत सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे. सारे सुरळीत चालू असताना ती दिवसभर काय करते?

उत्तर : सुरळीत चालू ठेवणे हेच तिचे काम. सकाळी पहिली नजर रात्रीच्या बॅकअपच्या (माहितीच्या राखीव प्रतीच्या) नोंदींवर आणि सर्व्हरच्या डिस्कवर जाते, कारण लॉग फाइली (यंत्रणेतल्या घडामोडींच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) वाढत जाऊन डिस्क १०० टक्के भरली की डेटाबेसला नवी नोंद लिहिता येत नाही आणि काउंटरवरचा व्यवहार अडतो. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती बंद करणे, विसरलेले पासवर्ड बदलून देणे (हे न संपणारे!) ओघाने आलेच. माहितीच्या मूळ धरून ३ प्रती, २ प्रकारच्या माध्यमांवर, १ इमारतीबाहेर, हा प्रघात पाळला जातो. परंतु बॅकअपमधली एखादी फाइल परत आणून उघडून पाहण्याचा पुष्कळदा कंटाळा केला जातो. मुलीला तेवढे अवश्य विचारावे.