अलीलची 'वारंवारता' कशाला?

प्रश्न: 'अलीलची वारंवारता 0.7' म्हणजे तो अलील वारंवार येतो, असे समजायचे का? (एक विद्यार्थिनी, दादर)

नाही. अलील म्हणजे जनुकाचे एक रूप, आणि 0.7 हा नुसता त्याचा वाटा आहे. कळपात त्या जनुकाच्या जेवढ्या प्रती आहेत, त्यांतल्या दर 10 पैकी 7 त्या रूपाच्या. यात काळ कुठेच नाही, तरी नोट्समध्ये 'वारंवारता' ठाण मांडून आहे.

'वार' म्हणजे पाळी, खेप. सोमवार ही सोमाची पाळी, एकवार म्हणजे एकदा, आणि वारंवार म्हणजे खेपेमागून खेप. हिंदीत 'व'चा 'ब' होऊन बार, बारी झाले. लालबाग-परळमध्ये रात्र रात्र रंगणाऱ्या डबलबारीत हीच बारी बसली आहे: एका बुवांची पाळी संपली की दुसऱ्यांची! पंढरीची वारीही याच घरातली, असे माझे ठाम मत आहे. तेव्हा ध्वनिलहरींना किंवा लोकल गाड्यांना वारंवारता शोभते, कारण तिथे एकामागून एक काहीतरी येत असते. इंग्रजी 'फ्रिक्वेन्सी'च्या मुळाशी असलेल्या लॅटिन 'फ्रिक्वेन्स'चा अर्थ मात्र 'गर्दीचा, दाटीचा' असाही होता. आपल्या परिभाषाकारांनी 'पुन्हा पुन्हा' तेवढे उचलले आणि दाटी सोडून दिली.

यावर संख्याशास्त्रातल्या 'वारंवारता सारणी'चा दाखला देतात. तो देणाऱ्यांवरच उलटतो. सारणीतली वारंवारता ही मोजलेली पूर्ण संख्या असते. अलीलची 0 ते 1 मधले गुणोत्तर. सरळ 'अलील-प्रमाण' म्हणा.

अंदालुशियन कोंबड्या घ्या. काळीत काळ्याचे दोन अलील, पांढरटात पांढऱ्याचे दोन, निळसरात एकेक. समजा 60 काळ्या, 20 निळसर, 20 पांढरट. एकूण प्रती 200. काळ्याच्या 120 + 20 = 140, म्हणून प्रमाण 0.7, पांढऱ्याचे 0.3. हार्डी-वाइनबर्ग (1908) समतोलात, म्हणजे जोड्या कशाही जुळत असताना अलीलची प्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहतात त्या स्थितीत, शंभरात 0.7 च्या वर्गाने 49 काळ्या, 0.7 × 0.3 च्या दुपटीने 42 निळसर आणि 0.3 च्या वर्गाने 9 पांढरट हव्या होत्या. काय-वर्ग, म्हणजे मोजलेले आकडे अपेक्षितांपासून किती दूर आहेत याचे माप, साधारण 27.4 येतो. प्रमाण याच आकड्यांतून काढल्यामुळे स्वातंत्र्यमात्रा (मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या आकड्यांची संख्या) 1 धरायची, 2 नव्हे. 5 टक्के पातळीची मर्यादा, म्हणजे समतोल असताना निव्वळ योगायोगाने 5 टक्के वेळाच ओलांडली जाणारी, 3.84. म्हणजे समतोल नाही. निळसर एवढ्या कमी असतील तर जवळच्या नात्यातले प्रजनन झाले आहे का, किंवा दोन वेगळे कळप एकत्र मोजले गेले का, ते आधी तपासावे.

घाईत पुष्कळजण पांढरटांच्या 0.20 चे वर्गमूळ काढून पांढऱ्या अलीलचे प्रमाण 0.45 लिहितात. ते वर्गमूळ समतोल असेल तरच चालते, आणि इथे समतोल आहे की नाही हेच तर तपासायचे होते.